थकवा ६७, रोजचं जगणं ८

डॉक्टरताई, नमस्कार. मी ४४ वर्षांची, सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत कॅशियर आहे. सहा वर्षांपासून थायरॉइड आहे, ७५ची गोळी चालू आहे. न चुकता सकाळी चहाबरोबर घेते, कॅल्शियमचीही तेव्हाच, म्हणजे विसर पडत नाही. परवाच्या रक्ततपासणीत टीएसएच २.४ आला, त्याआधीचा ३.१. डॉक्टर म्हणतात नॉर्मल. मिस्टर म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहे तर मग तुला होतंय तरी काय? काय होतंय ते मलाच धड सांगता येत नाही. सकाळी उठते तीच दमलेली. रोजच्या खातेदारांची नावं आठवत नाहीत. केस मूठमूठ जातात, त्यासाठी पार्लरवाल्या बाईंनी सुचवलेली बायोटिनची गोळी घेते. होळीला ३५ पुरणपोळ्या केल्या आणि दुपारी स्वयंपाकघरात फरशीवरच आडवी झाले, उठले ती दिवेलागणीला. पुण्यात फिजिओथेरपी शिकणाऱ्या भाचीने मोबाइलवर एक इंग्रजी प्रश्नावली भरून घेतली. त्यात थकवा ६७ आला आणि रोजचं जगणं ८. ती म्हणते, मावशी, थकवा आहे, पण बाकी तुझं छान चाललंय. हे आकडे खरे का? की सगळे माझ्या मनाचे खेळ? आणि मी आपली आपण १००ची गोळी सुरू केली तर चालेल का?
— रिपोर्ट नॉर्मलवाली

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, नाहीतर हे छापून येईपर्यंत तुम्ही १००ची बाटली आणून बसाल. नाही, चालणार नाही. थायरॉक्सिन, म्हणजे तुमच्या गोळीतलं औषध, जास्त झालं की काहींना सुरुवातीला चांगली हुशारी वाटते, तिथेच माणूस फसतं. मग धडधड सुरू होते, हात थरथरतात, झोप उडते. वर्षानुवर्षं तसंच चालत राहिलं तर हृदयाचे ठोके बेताल होऊ शकतात आणि हाडं विरळ होतात. पाळी जायच्या उंबरठ्यावरच्या बाईला हाडांचा तोटा परवडत नाही. शिवाय तुमच्या पत्रात दोन-तीन गोष्टी अशा आहेत की तो २.४चा आकडाच मला पुरता भरवशाचा वाटत नाही. त्याकडे येतेच. आधी ६७.

आपल्याकडे ६०च्या पुढे फर्स्ट क्लास, इथे मात्र हिशेब उलटा आहे. भाचीने भरून घेतलेली प्रश्नावली वर्णनावरून थायप्रो दिसते. ती डेन्मार्कमध्ये खास थायरॉइडच्या रुग्णांसाठी तयार झाली. मूळची ८५ प्रश्नांची, पुढे २०१५मध्ये तिची ३९ प्रश्नांची आटोपशीर आवृत्ती निघाली. गेल्या चार आठवड्यांत अमुक किती जाणवलं असं विचारतात, आणि 'अजिबात नाही'पासून 'खूपच'पर्यंत पाच उत्तरं असतात, त्यांना शून्य ते चार गुण. मग एकेका विषयाचे गुण एकत्र करून शंभरात बसवायचे. शून्य म्हणजे काही त्रास नाही, शंभर म्हणजे याहून वाईट अवस्था नाही. थकवा, स्मरण आणि लक्ष, चिंता, उदासी, चटकन चिडणं-रडणं, लोकांत मिसळणं, रोजची कामं, दिसण्याची खंत, अशी वेगवेगळी खाती. तुम्ही कॅशियर, तुम्हाला हे लगेच समजेल: प्रत्येक खात्याची शिल्लक वेगळी वाचायची.

पण पासबुकातल्या शिल्लकेसारखा हा आकडा रुपया-पैशापर्यंत नेमका नसतो. त्या छोट्या प्रश्नावलीत थकव्याच्या खात्यात तीनच प्रश्न आहेत, म्हणजे जास्तीत जास्त १२ गुण. त्यातले तुम्हाला ८ मिळाले, त्याचे शंभरात झाले ६७. एका प्रश्नाला तुम्ही एक पायरी इकडेतिकडे खूण केली असती तर आकडा ५८ किंवा ७५ आला असता. तेव्हा ६७ची ५८ झाली म्हणून पेढे वाटू नयेत, आणि पुढच्या महिन्यात ७५ आली म्हणून रडूही नये. आणि तुमचं ते ८ म्हणजे काय, ठाऊक आहे? रोजच्या कामांच्या तीन प्रश्नांपैकी दोनांना तुम्ही 'अजिबात नाही' म्हटलंत आणि एकाला 'थोडंसं'. बस, एवढंच.

६७ जास्त आहे का? आहे. निरोगी माणसाचा थकवाही शून्य नसतो, पण ६७ म्हणजे दखल घेण्याजोगा त्रास. तुलनेला एक आकडा देते. २०१७मध्ये युरोपातल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६५ वर्षांपुढचे ७३७ जण, सगळ्यांचा टीएसएच किंचित वाढलेला, म्हणजे थायरॉइड जरासा कमी. काहींना थायरॉक्सिन दिलं, काहींना दिसायला तशीच पण बिनऔषधाची गोळी, आणि वर्षभराने हीच प्रश्नावली भरून घेतली. थकव्याचा सरासरी आकडा औषधवाल्यांत २८.७ आणि बिनऔषधवाल्यांत २८.६ आला. टीएसएच सुधारला, थकवा होता तिथेच. तुमची गोष्ट निराळी आहे. तुमचा आजार सहा वर्षांचा, तुम्हाला गोळी लागतेच, ती बंद करायचा प्रश्न नाही. ही चाचणी सांगितली ती एवढ्यासाठी की रक्ताचा आकडा आणि जिवाचा आकडा हे दोन वेगळे आकडे आहेत, एक हलला म्हणून दुसरा हलेलच असं नाही, हे अशा मोजणीमुळेच कळलं. नुसतं 'बरं वाटतंय का?' विचारून ते कधी कळलं नसतं.

म्हणून मनाचे खेळ हा शब्द आधी खोडून टाका. गोळी चालू, टीएसएच नॉर्मल, तरी त्रास शिल्लक, असे रुग्ण शंभरातले पाच ते पंधरा निघतात असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. आपल्याकडे थायरॉइड काही दुर्मीळ नाही. देशातल्या आठ शहरांत जी पाहणी झाली होती, त्यात मुंबई आणि गोवाही होतं, तिथे प्रौढांत थायरॉइड कमी असण्याचं प्रमाण जवळजवळ ११ टक्के निघालं. त्यातल्या उपचार घेणाऱ्यांचे पाच-दहा टक्के धरले तरी तुमच्यासारख्या 'रिपोर्ट नॉर्मलवाल्या' किती असतील, हिशेब तुम्हीच करा.

आता ते ८. खरं तर तुमच्या पत्रात मला सर्वांत बोलका आकडा हाच वाटला.

गेल्या चार आठवड्यांत रोजची कामं करायला जड गेलं का, असं विचारल्यावर तुम्ही मनात काय केलं असेल ते मी सांगते. डबे झाले होते का? झाले होते. पतसंस्था चुकली का? एक दिवस नाही. सणवार? ३५ पोळ्या. मग 'अजिबात नाही'. आपल्याकडे काम झालं की ते जमलं असंच धरतात. तुम्ही नाही केलं तर करणार कोण, हा प्रश्न त्या प्रश्नावलीत कुठेच नसतो. डेन्मार्कमधली बाई दमली तर कदाचित 'आज स्वयंपाक नाही' म्हणू शकेल आणि तिचा आकडा वर जाईल. तुम्ही स्वयंपाक करता आणि फरशीवर आडव्या होता. ती फरशी प्रश्नावलीत आली नाही, म्हणून भाचीला वाटलं मावशीचं छान चाललंय. पोरीला बोल लावू नका, तिने प्रामाणिकपणे विचारलं.

म्हणून माझ्या बाह्यरुग्ण विभागात मी बायकांना 'जमतं का' विचारायचं बंद केलंय. मी विचारते, 'झाल्यावर काय होतं?' केर काढल्यावर बसावं लागतं का, किती वेळ? जिना चढून आल्यावर कुलूप उघडायच्या आधी थांबता का? पाहुणे गेल्यावर दुसरा दिवस कसा जातो? कामाची किंमत किती मोजावी लागली, ते मोजायचं. तुमच्या बाबतीत ३५ पोळ्यांची किंमत एक अख्खी दुपार, तीही थंडगार फरशीवर. सहा वर्षांपूर्वी तेवढ्याच पोळ्यांना काय पडत होतं, तेही आठवून लिहा.

भाषेचीही एक गोम आहे. भाचीने इंग्रजीत विचारलं आणि तुम्ही मराठीत विचार करून उत्तर दिलंत. इंग्रजीत एका शब्दात भागतं, आपल्याकडे थकव्याला केवढं मोठं खानदान आहे! शीण येतो तो श्रमाने, आणि रात्रीच्या झोपेने तो जायला हवा. मरगळ काही न करताही येते. अंगात त्राण नसणं म्हणजे इच्छा आहे पण हातपाय साथ देत नाहीत. उभारी नसणं म्हणजे हातपाय ठीक आहेत, पण इच्छाच होत नाही. ग्लानी वेगळी, कणकण वेगळी, अंग मोडून येणं वेगळं. आणि आळस हा शब्द बायका स्वतःबद्दल फार सैल वापरतात. पलीकडे बसलेली बाई 'आळस येतो हो' म्हणते आणि हिमोग्लोबिन निघतं ७.

आमच्या कामाला हे शब्द खरोखर उपयोगी पडतात. शीण असेल तर मी रक्त, लोह, हृदय, झोप बघते. उभारी गेली असेल तर मनाकडेही बघते. झोपून उठल्यावरच जास्त दमलेली असेल तर घोरण्याची चौकशी करते. कुठली प्रश्नावली दुसऱ्या भाषेत न्यायची तर जाणकार मंडळी तिचं भाषांतर करतात, ते परत उलटं मूळ भाषेत करून ताडतात आणि मग खऱ्या रुग्णांसमोर बसून विचारतात की या प्रश्नातून तुम्हाला काय कळलं. मोबाइलवर मनातल्या मनात केलेल्या भाषांतराला ही चाळण लागत नाही. तुम्ही डॉक्टरांना 'थकवा येतो' म्हणालात, तर पुढच्या वेळी तो कोणता, ते तुमच्याच शब्दात सांगा.

लक्षणं मोजायचा खटाटोप नवा नाही, उलट टीएसएचच नवा आहे. १८९१मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टरांनी ४६ वर्षांच्या एका बाईंना मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचला. तेव्हा रक्तात मोजण्यासारखं काही नव्हतं. बाईंच्या चेहऱ्याची सूज उतरली, बोलण्यातला संथपणा गेला, घरकाम पुन्हा हातावेगळं व्हायला लागलं, यावरूनच उपचार लागू पडला हे त्यांनी ओळखलं. पुढे त्या बाई २८ वर्षं जगल्या. बघा, तिथेही मोजमापाची पट्टी घरकामाचीच होती!

मी शिकत होते तेव्हा टीएसएच तपासता यायचा, पण महाग, आणि निकालाला आठवडा लागायचा. आमचे सर रुग्णाला लाकडी खुर्चीवर गुडघे टेकवून उभं करत, पावलं मागे लोंबती. टाचेच्या वरच्या दोरीसारख्या शिरेवर हातोडी टकटकवली की पाऊल खाली झटका देतं. आम्हा दहा जणांना वाकून बघायला लावत, झटक्याकडे नाही, तर पाऊल परत कसं येतं त्याकडे. थायरॉइड कमी असेल तर ते अगदी सावकाश मागे येतं, दार आपोआप मिटावं तसं. एकदा बघितलं की विसरत नाही. १९९७मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी असल्या १२ खुणांची एक गुणपत्रिका केली. घाम कमी येणं, आवाज बसणं, हातापायाला मुंग्या, कोरडी त्वचा, बद्धकोष्ठ, कमी ऐकू येणं, वजन वाढणं, आणि डॉक्टरने बघायच्या गोष्टी म्हणजे मंद हालचाल, डोळ्यांभोवतीची सूज, गार आणि खरबरीत त्वचा, आणि अर्थात ते सावकाश परतणारं पाऊल. पाचाच्या वर गुण गेले तर संशय दाट. मात्र यातली बरीच लक्षणं थायरॉइड नसलेल्यांनाही असतात. नुसत्या लक्षणांवरून थायरॉइड ठरवायला गेलं तर निम्मं गाव थायरॉइडचं निघेल. म्हणून टीएसएच लागतो, आणि तो चांगलाच आहे. फक्त तो काय मोजतो ते लक्षात ठेवा. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी थायरॉइडला किती हाकारते, तेवढंच तो सांगतो. तुमची गुडघेदुखी, झोप, सासरचं टेन्शन, लोह, यातलं त्याला काही ठाऊक नसतं.

आता तुमच्या २.४कडे. ताई, तुमच्या पत्रातलं बायोटिन वाचून मी पेनच खाली ठेवलं. केसांच्या गोळ्यांमध्ये बायोटिन शरीराला लागतं त्याच्या शेकडो पट असतं, आणि अनेक लॅबच्या यंत्रांत तपासणीचं रसायनच बायोटिनला चिकटून काम करतं. रक्तात बाहेरून आलेलं बायोटिन भरपूर असेल तर यंत्र गोंधळतं आणि टीएसएच आहे त्याहून कमी दाखवतं. टी-फोर, म्हणजे रक्तातलं थायरॉक्सिन, उलट जास्त दिसतो. म्हणजे तुमचा खरा टीएसएच २.४पेक्षा जास्त असू शकतो, आणि गोळी अंगी कमी पडत असू शकते. लॅबची पद्धत कोणती त्यावर हे अवलंबून आहे, पण धोका कशाला पत्करायचा? तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद, मी तर म्हणेन आठवडाभर बंद. केसांसाठी त्याचा फारसा उपयोग होतो असं माझ्या पाहण्यात नाही, पण ते पार्लरवाल्या बाईंना सांगू नका.

दुसरं, चहा. थायरॉक्सिन उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही. दुधाच्या चहाने, कॉफीने ते नीट शोषलं जात नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांमध्ये नि हिच्यामध्ये चार तासांचं अंतर हवं, त्या दुपारी जेवणानंतर घ्या. सकाळी साडेपाचला उठून डबे करणाऱ्या बाईला 'तासभर चहा नाही' सांगणं सोपं आणि पाळणं कठीण, हे मलाही कळतं. मलाही दुसऱ्या बाळंतपणानंतर हेच दुखणं लागलं. मी गोळी आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवते, पहाटे बाथरूमला उठले की घेते नि परत आडवी होते. तुमचे डॉक्टर हो म्हणाले तर रात्री झोपताना घेतली तरी चालते, फक्त जेवणाला तीन तास उलटलेले हवेत. आणि बाटली ओट्यावर गॅसशेजारी असेल तर आजच कपाटात हलवा, उष्णतेने नि दमटपणाने ही गोळी खराब होते.

हे सगळं सुधारलंत की तीच ७५ची गोळी अंगी जास्त लागेल. म्हणजे डोस न वाढवताच थोडा वाढल्यासारखा होईल. म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच करा. त्याआधी करून उपयोग नाही. या औषधाचा अर्धा साठा शरीरातून जायला आठवडा लागतो, नवा तोल बसायला पाच-सहा. सकाळच्याच वेळी, त्याच लॅबमध्ये, गोळी घेण्याआधी रक्त द्या. मधल्या काळात धडधड जाणवली तर मात्र वाट न बघता दाखवा.

आणि या आठ आठवड्यांत वही करा. मी सांगते तशीच करा, कारण चुकीची वही मी स्वतः करून बसले आहे. माझं निदान झालं तेव्हा मोठ्या उत्साहाने रोज रात्री दहापैकी गुण लिहायला लागले. महिन्याभराने बघते तर सगळे सात-आठ सासूबाई आल्या त्या आठवड्यातले. थायरॉइड नाही, मी पाहुणचार मोजत होते! शिवाय रोज विचारलं की रोज दुखतं. स्वतःकडे इतकं टक लावून बघितलं तर धडधाकट माणसालाही काहीतरी होतंय असं वाटायला लागतं.

तुम्ही आठवड्यातून एकदाच लिहा. रविवारी दुपारी, जेवणाआधी, तीच वेळ. तुमच्या आयुष्यातली तीन कामं निवडा, जी या दुखण्याने अवघड केली आहेत. मी तुमच्या पत्रावरून सुचवते: सकाळी अंथरुणातून उठणं, खातेदाराचं नाव तोंडावर येणं, स्वयंपाक उरकल्यावर पुन्हा उभं राहणं. प्रत्येकाला शून्य ते दहा, गेल्या सात दिवसांचा विचार करून. शून्य म्हणजे त्रास नाही, दहा म्हणजे होतच नाही. शेजारी एक ओळ किमतीची: 'बुधवारी बाजार केला, दीड तास झोपले.' पाळीचे दिवस, जागरण, सण, ताप, एवढ्या खुणा. आणि महत्त्वाचं, पान दुमडून ठेवा, मागच्या रविवारचा आकडा दिसता कामा नये. तो दिसला की हात आपोआप त्याच्याच जवळपास लिहितो. तीन कामं मध्येच बदलू नका. चौथं आठवलं तर मागच्या पानावर लिहा.

मिस्टरांनाही एक वेगळा कागद द्या. तुमचे तेच तीन प्रश्न, पण 'तिच्याकडे बघून मला काय वाटतं' असं. दोघांचे आकडे जुळणार नाहीत, जुळावेत अशी अपेक्षाही नाही. पण 'तुला होतंय तरी काय' असं विचारणाऱ्या माणसाला आठ रविवार बायकोकडे नीट बघावं लागेल, एवढा फायदा पुरे आहे.

थायरॉइडखेरीज दुसरं काय असू शकतं तेही याच वेळी उरकून घ्या. सगळ्यात आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१च्या, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. तुमचं वय त्यातच येतं. पाळीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. या वयात अंगावरून जास्त जात असेल तर केस गळणं आणि दम लागणं दोन्हीचा खुलासा तिथेच मिळू शकतो. शाकाहारी असाल तर बी-ट्वेल्व्ह. ज्यांचा थायरॉइड स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने बिघडवलेला असतो, त्यांच्यात बी-ट्वेल्व्ह न शोषलं जाण्याचा आजारही जरा जास्त आढळतो. साखर. आणि घोरता का ते मिस्टरांना विचारा. झोपेत श्वास अडकत असेल तर सकाळी दमूनच उठतं माणूस.

उदासीचं मोजमापही निःसंकोच करा. पीएचक्यू नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे, गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, डॉक्टरांकडे पाच मिनिटांत होते. उभारी गेली असेल तर त्यावर वेगळा इलाज आहे आणि तो लागू पडतो. त्यातला नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याचा आहे. त्याला 'हो' यायला लागलं तर रविवारची वाट न बघता कुणाशी तरी बोला, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात.

थायरॉक्सिनच्या जोडीला टी-थ्री, म्हणजे थायरॉइडचंच दुसरं संप्रेरक, अशी जोडगोळी घेऊन पाहू का, असं तुमची भाची आज ना उद्या विचारेलच. तिची तुलना नुसत्या थायरॉक्सिनशी बऱ्याच चाचण्यांमधून झाली आहे आणि सरसकट जास्त फायदा दिसलेला नाही. वरचं सगळं करून, टीएसएच खरोखर नीट असताना आणि दुसरं काही न सापडताही वहीतला आकडा खाली येत नसेल, तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे ग्रंथींच्या तज्ज्ञाकडे, जाऊन हा विषय काढा. आज नाही.

डॉक्टरांकडे जाताना अख्खी वही पुढे करू नका. गर्दीच्या ओपीडीत तुम्हाला पाच-सात मिनिटं मिळतात, त्यात कुणी वही वाचत नाही, मीही वाचत नाही, खोटं कशाला बोलू? एका कागदावर वर तारखा, खाली तीन ओळी आकडे, आणि एक वाक्य. 'मला फार थकवा येतो' हे वाक्य नको, ते त्या दिवशी सकाळपासून चाळीस जणींनी म्हटलेलं असतं. तुमचं असं म्हणा: 'डॉक्टर, पूर्वी ३५ पोळ्या करून मी संध्याकाळी हळदीकुंकवाला जायची, यंदा फरशीवर झोपले.' समोरच्याचं पेन थांबतं की नाही बघा.

थायप्रोही पुन्हा भरा, पण आठ आठवड्यांनी, भाचीबरोबरच. या वेळी रोजच्या कामांच्या प्रश्नांपाशी आलात की 'झालं का' हे मनात आणू नका, 'झाल्यावर काय झालं' ते आठवा आणि मग खूण करा. माझा अंदाज, तुमचं ८ एका झटक्यात ४०च्या वर जाईल. तब्येत बिघडली असा त्याचा अर्थ काढू नका आणि भाचीला घाबरवूही नका. ती दुपार पहिल्यांदाच हिशेबात आली, इतकंच. खरी तुलना त्यापुढच्या आकड्याशी करायची.

आणि बायोटिन बंद केल्यावरचा टीएसएच किती आला, तेवढं मला दोन ओळीत कळवा. मलाही उत्सुकता आहे.